कंपोनंट स्पीकर घ्यायचे तर ॲम्पसकट घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीला गाडी घेणारे नाशिककर शोरूममधून निघतात ते बहुधा थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात. सीट कव्हरच्या खालोखाल सौदा ठरतो तो स्पीकरचा, आणि काउंटरवर प्रतवारी ठरलेली असते : कोॲक्सिअल (जाड आणि बारीक सुरांचे स्पीकर एकात एक) म्हणजे साधे, कंपोनंट (दोन्ही सुटे) म्हणजे भारी. ही प्रतवारी चुकीची आहे. कंपनीच्याच डेकवर, म्हणजे गाडीसोबत आलेल्या म्युझिक सिस्टिमवर, गाणी ऐकायची असतील तर कोॲक्सिअल घ्यावेत. कंपोनंटचे पैसे वसूल होतात ते ॲम्प्लिफायर (ॲम्प), म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा डबा, लावणाऱ्याचे.

डेकच्या डब्यावर '५० वॅट × ४' छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास वीज मिळते. डेकमधल्या आयसीला (आवाज वाढवणाऱ्या चिपला) याहून मोठी लाट काढताच येत नाही. १४ व्होल्टच्या शिखराचे आरएमएस, म्हणजे लाटेची परिणामी सरासरी, होते १० व्होल्ट. दहाचा वर्ग भागिले स्पीकरचे ४ ओहम, म्हणजे २५ वॅट, आणि तेही कागदावर. आयसीतली घट वजा जाता न फाटता मिळतात साधारण १८ ते २० वॅट. डब्यावरचे पन्नास हे फाटलेल्या आवाजाचे मोजमाप आहे.

आता याला जोडायचा स्पीकर. डब्यावरचे मोठ्ठे '३०० वॅट' सोडून द्या, सेन्सिटिव्हिटी वाचा, म्हणजे एका वॅटला किती डेसिबल आवाज मिळतो ते. ९१ डेसिबलचा कोॲक्सिअल जो आवाज १० वॅटमध्ये देतो, त्यासाठी ८८ डेसिबलच्या कंपोनंटला २० वॅट लागतात, कारण दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते. डेकची सगळी शिल्लक तिथेच संपते. मग ग्राहक आवाज वाढवतो, डेक फाटू लागतो आणि पहिला जळतो तो ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर. एक मेख आणखी : काही कंपन्या हा आकडा १ वॅटवर न देता २.८३ व्होल्टवर देतात. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यामुळे आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगतो. दोन डबे शेजारी ठेवून तुलना करताना हे पाहिलेच पाहिजे.

कंपोनंटचा खरा फायदा वेगळाच आहे. बारीक, वरच्या पट्टीतले सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. दारातला साडेसहा इंची स्पीकर तोंड करून असतो आपल्या पिंढरीकडे. कोॲक्सिअलचा ट्विटर वूफरच्याच (जाड सुरांच्या मोठ्या स्पीकरच्याच) मधोमध बसवलेला, त्यामुळे गायिका पायाशी बसून गाते असे वाटते. कंपोनंटमध्ये ट्विटर सुटा असतो, तो आरशामागच्या तिकोन्यात किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात नेता येतो आणि गाणे काचेच्या उंचीवर येते. म्हणूनच फिटर जर कंपोनंटचा ट्विटर डोअरपॅडवर वूफरला चिकटूनच भोक पाडून बसवत असेल, तर तुम्ही जास्त पैसे देऊन कोॲक्सिअलच घेतला असे समजा. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत काचेलगतच्या खांबाच्या कव्हरला मात्र हात लावू देऊ नका; अपघातात ते कव्हर सरकून एअरबॅगला वाट द्यावी लागते.

डबा दुकानातच उघडून पाहावा. तांब्याच्या तारेची कॉइल आणि कपॅसिटर असलेली क्रॉसओव्हरची (बारीक सूर ट्विटरला, जाड सूर वूफरला वाटून देणारी) स्वतंत्र डबी दिसली तर तो कंपोनंट. ट्विटरच्या वायरवर नुसता एक कपॅसिटर असेल तर नाव कंपोनंट, सुरांची वाटणी कोॲक्सिअलसारखीच.

बऱ्याच गाड्यांत कंपनीचेच ट्विटर वर बसवलेले असतात आणि ते दारातल्या स्पीकरला समांतर जोडलेले असतात. दारात नवा कोॲक्सिअल लावून वरचा ट्विटर तसाच ठेवला की वरच्या पट्टीत डेकला ४ ऐवजी सुमारे २ ओहमचा भार दिसतो. आवाज कानाला टोचतो, डेक तापतो. दोनपैकी एक ट्विटर सोडवलाच पाहिजे.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांची दुखणी आणखी वेगळी. दाराच्या आत पाणी येणारच. काचेवरून उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते, गाडी बनवतानाच तशी सोय केलेली असते. अशा जागी स्पीकरखालची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग फुगते आणि स्क्रू सैल होतात. रिंग प्लास्टिकचीच हवी. क्रॉसओव्हर दारात ठेवू नये, डॅशबोर्डमागे कोरड्या जागी ठेवावा. डॅम्पिंगची (पत्र्याची थरथर दाबणारी) बुटाइल शीट आधी बाहेरच्या पत्र्याला आतून लावावी, मग आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करावीत, पण तळाची निचऱ्याची भोके मोकळी राहिली पाहिजेत. डोअरपॅडमागचा प्लास्टिकचा कागद फिटर कापतात आणि परत चिकटवत नाहीत. पुढे महिनाभर कार्पेटला कुबट वास येतो आणि मालक एसीला दोष देतो.

डॅम्पिंगशिवाय महागडा वूफरही पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा वाजतो. बजेट आखडते असेल तर मागचे स्पीकर कंपनीचेच राहू द्या आणि तो पैसा पुढच्या दोन दारांत घाला.

ॲम्प लावणार असाल तर प्रत्येक चॅनेलला ५० वॅट आरएमएस (सतत मिळणारी ताकद) पुरेसे आहेत. अशा चार चॅनेलला जोरात २५ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. ८ गेजची अस्सल तांब्याची वायर आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज हवा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो, ती तापते. कंपनीची वायरिंग कापू न देता कपलर (तयार जोडणीचा प्लग) लावून घ्यावा, म्हणजे वॉरंटीचा वाद टाळणे सोपे जाते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला वस्तूची गुणवत्ता आणि क्षमता जाणून घेण्याचा हक्क देतो. शहरातल्या दुकानदारांनी बिलावर आरएमएस वॅट, सेन्सिटिव्हिटी आणि ओहम हे तीन आकडे लिहून द्यावेत, आणि आपल्या वाहन पुरवणीनेही स्पीकरविषयी लिहिताना डब्यावरच्या कमाल वॅटऐवजी हेच आकडे छापावेत, ही विनंती.

गाडी ताब्यात घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. चारही काचा पूर्ण खाली करून स्पीकरच्या मॅग्नेटला घासत नाहीत ना, ते पाहावे. आणि बॅलन्स मधोमध ठेवल्यावर डग्ग्याचा घुमार पातळ, पण एका बाजूला नेल्यावर भरीव लागत असेल, तर एका दारात प्लस-मायनस उलटे जोडले आहेत. दुकानातून हलण्याआधीच बदलून घ्यावेत.

आपला,
एक कार ऑडिओ फिटर
सातपूर, नाशिक