डेम्लो संख्येत एक दहा

नौपाडा, ठाणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

डेम्लो संख्यांचं, म्हणजे १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या संख्यांचं बोलणं फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. त्या शोधणारे गणिती दत्तात्रय कापरेकर आपल्या ठाण्यातच शाळा शिकले. पुढे १९३० ते १९६२ देवळालीला मास्तर होते. जी.आय.पी. रेल्वेच्या (आताच्या मध्य रेल्वेच्या) ज्या स्टेशनात या संख्या त्यांना सुचल्या त्याचंच नाव त्यांनी या संख्यांना दिलं. ते डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली.

त्यांतली १२३४५६७८९८७६५४३२१ तुला ठाऊक आहे. नऊ वेळा १ लिहून त्याचा वर्ग केला की ही मिळते. अवयव सगळे उघडे: ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. आता नऊवरून मागे न फिरता दहापर्यंत चढ आणि मग उतर:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

ही वीस अंकी संख्या मूळ आहे! मला याचं फार अप्रूप वाटतं. ठेवण तीच, चढउतार तोच, आणि १ व ती स्वतः सोडून अवयव एकही नाही.

थोडं हाताने करून बघ. अंकांची बेरीज ९१, तिला ३ ने भाग जात नाही, म्हणजे ३ गेला. मग उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाड आणि आळीपाळीने अधिक-उणे कर: ३२१ − ६५४ + ९८७ − ९१० + ६७८ − ३४५ + १२. उत्तर ८९. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, त्यामुळे या एका ८९ वर तिघांचा निकाल लागतो. तिघांपैकी कोणीच त्याला भागत नाही. हेच गट नुसते मिळवले तर ३९०७ येतात, त्याला ३७ ने भाग जात नाही. डेम्लोला भागणारा ३७ इथे हरतो.

पण असं किती जणांना विचारणार? वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल; ते वर्गमूळ ३५१ कोटींच्या पुढे आहे, आणि तिथपर्यंत सोळा कोटींहून जास्त मूळ संख्या आहेत. म्हणूनच २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी केलेलं काम मला थोर वाटतं. अवयव न शोधता कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने सांगता येतं, आणि अंक वाढले तरी लागणारा वेळ आवाक्याबाहेर उसळत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं.

आता तुझ्यासाठी काम. शेवटचे अंक २१, म्हणजे ४ ने भागल्यावर बाकी १. अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते आणि ती जोडी एकमेव असते. एकेक आकडा तपासत बसू नकोस. ज्याच्या वर्गात १ मिळवला की आपल्या संख्येने निःशेष भाग जातो, असा एक आकडा आधी शोध. मग आपली संख्या आणि तो आकडा घेऊन म.सा.वि. काढताना करतो तसे भागाकार करत जा. वर्गमुळाहून लहान अशी पहिली बाकी आली की थांब. ती आणि तिच्या पुढची बाकी, हीच ती जोडी. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे, मिळाली की लगेच कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत