पेडल कोणते, याआधी ते कशाला जोडणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारच्या बूस्ट (आवाज वाढवणाऱ्या) आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या) पेडलांविषयीचा, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या छोट्या डब्यांविषयीचा, लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला अर्धे पान मिळाले, याचा ऑर्केस्ट्रात बावीस वर्षे गिटार वाजवलेल्या माझ्यासारख्याला आनंदच झाला. मात्र लेखात पेडलांची नावे आणि किमती भरपूर असल्या, तरी गिटारचा आवाज पेडलमधून निघून पुढे कुठे जाणार आहे, याचा उल्लेख एकदाही नाही. आणि आपल्याकडच्या मुलांचे पैसे नेमके तिथेच वाया जातात.

मागच्या गणेशोत्सवाच्या तोंडावर माझा एक विद्यार्थी नवे डिस्टॉर्शन पेडल घेऊन आला. ते डुप्लिकेट निघाले अशी त्याची खात्री पटली होती, कारण तालमीत दिव्याभोवती चिलटे घोंगावावीत तसा आवाज येत होता. मी नॉबला हात न लावता तेच पेडल माझ्या खोलीतल्या जुन्या गिटार अ‍ॅम्पला जोडले आणि त्याला तोच रिफ (सुरावटीचा तुकडा) वाजवायला सांगितला. आवाज भरीव, गोलसर आला. दोन-तीनदा वाजवून झाल्यावर त्याने विचारले, ‘‘सर, मग तालमीत काय होत होते?’’ तालमीत त्याने पेडलची वायर थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरमध्ये घातली होती, इतकेच.

यामागचे कारण साधे आहे. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नलच्या लहरीचे शेंडे कापणे, आणि असे कापले की मूळ स्वरात नसलेले वरच्या पट्टीतले असंख्य हार्मोनिक्स (उपस्वर) तयार होतात. गिटार अ‍ॅम्पचा दहा किंवा बारा इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, त्यामुळे ही करकर तो परस्पर गाळून टाकतो. पेडल बनवणाऱ्याने हा स्पीकर गृहीतच धरलेला असतो. मंडपातल्या साऊंड सिस्टीमचे काम मात्र गायकाचा आवाज स्वच्छ पोचवण्याचे, म्हणून ती त्याच्या कितीतरी वरचे सगळे प्रामाणिकपणे ऐकवते. तेव्हा ज्याला अ‍ॅम्प नेणे आणि त्यासमोर माइक लावणे शक्य नाही, त्याने दुसरे महागडे डिस्टॉर्शन घेण्याऐवजी पेडलांच्या साखळीच्या शेवटी स्पीकर कॅबिनेटची नक्कल करणारे पेडल लावावे.

बूस्टविषयीचे आपल्या लेखकाचे विधान तर दुरुस्तच करायला हवे. बूस्ट म्हणजे ‘स्वस्तातले डिस्टॉर्शन’ नव्हे. साठच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या एलपीबी-१ या बूस्ट पेडलमध्ये एकच ट्रान्झिस्टर होता आणि त्याचे काम एकच, सिग्नल मोठा करणे. एमएक्सआरचे मायक्रो अ‍ॅम्प हे बूस्ट पेडल कमाल २६ डेसिबल वाढ देते, म्हणजे व्होल्टेज जवळपास वीसपट. फुटण्याच्या, म्हणजे स्वतःच शेंडे कापू लागण्याच्या, बेतात ठेवलेल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला एवढा धक्का दिला की तो स्वतःच गोड फुटतो. क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचा ओळखीचा स्वर ट्रेबल बूस्टर (वरची पट्टी वाढवणारा बूस्ट) आणि व्हॉक्स एसी-३० हा अ‍ॅम्प या जोडीचा आहे, एकट्या बूस्टरचा नाही. हाच धक्का मिक्सरला दिला, तर लाल दिवा लागतो आणि साऊंडवाला आपल्याकडे रागाने पाहतो, एवढेच घडते.

‘सोलोसाठी बूस्ट सर्वांत आधी लावावा’ हा सल्लाही दिशाभूल करणारा आहे. बूस्ट डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला, तर आवाज फारसा वाढत नाही, कारण पुढचे डिस्टॉर्शन वाढलेले शेंडे कापूनच टाकते. स्वर अधिक दाट होतो आणि लांबतो. आवाज वर यायला हवा असेल, तर बूस्ट डिस्टॉर्शनच्या नंतर हवा, आणि तोही पुढचा अ‍ॅम्प स्वच्छ असेल तरच. सोलोच्या क्षणी पेडलवर पाय ठेवूनही कीबोर्डखाली बुडालेले गिटारवाले मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतला एक काही वर्षे मीच होतो.

निवडीच्या बाबतीत माझे मत असे, की मध्यपट्टीकडे, म्हणजे खर्ज आणि तार यांच्या मधल्या आवाजांकडे, पाहावे. आयबानेझ कंपनीचे ट्यूब स्क्रीमर हे पेडल साधारण ७०० हर्ट्झच्या आसपासचा भाग उचलते आणि खालचा खर्ज कमी करते. घरी एकट्याने वाजवताना ते नाकात बोलल्यासारखे वाटते, म्हणून मुले ते नाकारतात. पण बास, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड एकदम सुरू झाले की हेच नाकातले बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. याउलट बिग मफ हे पेडल मध्यपट्टी खोदून काढते, त्यामुळे ते खोलीत राक्षसासारखे आणि बँडमध्ये कुजबुजीसारखे ऐकू येते. आपल्या लेखात ट्यूब स्क्रीमर केवळ डिस्टॉर्शनच्या यादीत आहे. वस्तुतः ड्राइव्ह (शेंडे कापण्याचे प्रमाण) शून्यावर आणि लेव्हल (आवाज) पूर्ण ठेवून, आधीच फुटलेल्या अ‍ॅम्पसमोर बूस्ट म्हणून ते वापरणारे मेटल संगीतवाले कमी नाहीत, कारण खर्ज आवरला गेल्यामुळे तळहाताने दाबून वाजवलेले स्वर घट्ट राहतात.

दुकानात दोन पेडले ताडून पाहताना आधी दोघांची लेव्हल पेडल बंद असतानाच्या आवाजाशी जुळवून घ्यावी. मोठा आवाज कानाला चांगला आवाज वाटतो, आणि विक्रेत्याने नॉब घड्याळातल्या दोनच्या काट्यापर्यंत फिरवून दाखवलेले पेडल नेहमीच जिंकते. शक्य असेल तर आपलीच गिटार न्यावी. हमबकरवर (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपवर, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागावर) शोभणारे पेडल सिंगल कॉइलवर (एकाच गुंडाळीच्या पिकअपवर) किरटे वाजू शकते आणि पिकअपची गुणगुणही तितकीच मोठी करते.

अ‍ॅडॉप्टरबद्दल लेखात एकही ओळ नाही. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असते. कित्येक कीबोर्डांचे अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचे आणि मध्यभागी धन टोक असलेले असतात, पण पिन मात्र बेमालूम बसते, त्यामुळे चुकीचा अ‍ॅडॉप्टर सहज जोडला जातो. पुढच्या लेखात निदान या पिनचे चित्र छापावे, ही विनंती.

आपला,
एक गिटारवादक वाचक, कोल्हापूर