कमरेचा पट्टा काढून बोटीजवळ गेलेल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

परवा, मोसमातली शेवटची फेरी मारून मी बोट मिनेसोटातल्या मिनेटोंका सरोवरातून बाहेर काढली आणि घरी आल्यावर कपडेही न बदलता बॅटरी घेऊन, ती ज्यावर ठेवलेली असते त्या गाडीमागे ओढायच्या ट्रेलरखाली शिरले. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मला तिथे, बोट ज्यांवर टेकते त्या ट्रेलरच्या फळ्यांच्या कडांना लागून, तळावर ओरखड्यांचे हातभर लांबीचे दोन पांढरट पट्टे दिसले होते, आणि गेल्या वर्षी तर मोसम संपण्याआधीच ते पुन्हा उमटले होते. यंदा तिथे काहीही नव्हते. बॅटरीचा उजेड तळावरून फिरवत नेला तेव्हा गडद निळ्या रंगातले चमकीचे कण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे लुकलुकत होते. मी बराच वेळ तशीच पाठीवर पडून राहिले. तुम्हाला फोन केला तर धड बोलता येणार नाही हे ठाऊक होते, म्हणून हे पत्र; आणि तुम्ही काय केलेत ते चार लोकांना कळावे असे मनापासून वाटते, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

ही स्की-बोट जुनी आहे, पण ती मी माझ्या पगारातून आठ वर्षे पैसे बाजूला टाकून घेतली आहे. अमेरिकेतल्या ज्या मिनेसोटात 1922 साली रॅल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुण मुलाने पेपिन सरोवरावर लाकडाच्या फळ्या पायांना बांधून पाण्यावरचे स्कीइंग पहिल्यांदा करून दाखवले, त्याच राज्यात नोकरीसाठी येऊन मी तिशी उलटल्यावर हा खेळ शिकले, आणि त्याने मला इथल्या एकटेपणातून बाहेर काढले. त्यामुळे तळावरचे ते पट्टे पाहून मला जे वाटले ते केवळ एखादी वस्तू खराब झाल्याचे दुःख नव्हते.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या दुकानाने तळ घासून पॉलिश करून दिला, भरपूर पैसे घेतले आणि ओरखडे कशामुळे पडले असावेत, या प्रश्नावर खांदे उडवले. पुढच्या मोसमात पट्टे परत आले. दुसऱ्या दुकानातल्या माणसाने ट्रेलरकडे पाहिलेसुद्धा नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवलेला तो माणूस बोटीच्या कडेला रेलून उभा राहिला आणि मला म्हणाला की ट्रेलरवर राहणाऱ्या बोटींचे असेच होते, आणि शिवाय सरोवराकाठच्या उतारावर बोट ट्रेलरवर चढवणे सगळ्यांनाच जमते असे नाही. हे वाक्य उच्चारताना त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी अजून विसरलेली नाही. ज्या प्रांतात दर दहा मैलांवर बोटींचे दुकान आहे, तिथे एकाही जाणकाराला दोन मिनिटे वाकून खाली पाहावेसे वाटले नाही, याचा मला आजही राग येतो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी कोणाशी तरी याबद्दल बोलत होते आणि तुम्ही मागे उभे होता. तुम्ही एवढेच विचारलेत, "ट्रेलरला गालिच्याच्या फळ्या आहेत की रबराची चाके?" मी फळ्या म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, "रविवारी येतो." फायबरग्लासच्या कारखान्यात तुमची तीस वर्षे गेली आहेत आणि त्याआधी मालवणात होड्यांच्या सहवासात बालपण गेले आहे, हे मला त्यानंतर दुसऱ्याच कोणाकडून कळले.

रविवारी तुम्ही गाडीतून उतरलात, बोटीकडे लांबूनच पाहिलेत आणि मग गाडीकडे परत जाऊन कमरेचा पट्टा काढून ठेवलात. हातातले घड्याळ काढलेत. अंगठी बराच वेळ निघेना, तेव्हा खिशातला रुमाल त्या बोटाभोवती गुंडाळलात. एवढे झाल्यावरच तुम्ही बोटीजवळ गेलात. काका, त्या बोटीच्या तळाची तेव्हा जी अवस्था होती ती पाहता बकलाचा आणखी एखादा ओरखडा कोणाच्या लक्षातही आला नसता. पण तुम्ही तिच्याजवळ असे गेलात की जणू ती आजच कारखान्यातून बाहेर पडली आहे. तोपर्यंत मला वाटत होते की मी एका जुन्या बोटीविषयी नको इतकी हळवी झाले आहे. तुम्ही पट्टा काढून ठेवलात तेव्हा ते वाटणे संपले.

पुढे काय काय केले ते सगळे इथे सांगत बसत नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही ओरखड्यावरून आडवे नख फिरवलेत, ते एका जागी अडकले, आणि तुम्ही मलाही तसेच करून पाहायला लावलेत. जेलकोटचा, म्हणजे फायबरग्लासवरच्या रंगीत, चकचकीत लेपाचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो, आणि प्रत्येक वेळी घासून पॉलिश करताना त्यातला काही भाग कायमचा जातो. म्हणजे पहिल्या दुकानाने ओरखडे पुसले तेव्हा माझ्या बोटीचे कातडेही थोडे पातळ केले होते, हे मला त्या क्षणी समजले. मग तुम्ही माझा तळहात फळीवरच्या गालिच्यावर दाबून धरलात. वरून मऊ दिसणाऱ्या त्या गालिच्यात वाळू बसली होती. "हा गालिचा नाही, पॉलिशपेपर आहे," तुम्ही म्हणालात. फळीच्या मागच्या टोकाशी गालिचा झिजून आतल्या पिना गंजून वर आल्या होत्या. इथल्या कायद्याप्रमाणे आपण सरोवरावरून निघताना बोटीचे बूच काढून सगळे पाणी सोडून देतो, 2010 साली मिनेटोंकात झेब्रा शिंपले (बोटींबरोबर एका सरोवरातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी परके शिंपले) सापडल्यापासून तर सगळेच याबाबतीत फार काटेकोर झाले आहेत. पण बोट कोरडी झाली तरी तिच्याखाली दबलेला गालिचा दिवसचे दिवस ओला राहतो, हे मला कोणीच सांगितले नव्हते.

आणि मग तुम्ही बोट ट्रेलरला बांधून ठेवणाऱ्या मागच्या पट्ट्यांना हात घातलात. कडेचा रंग खराब होऊ नये म्हणून मी ते नेहमी सैल बांधत असे. तुम्ही बोटीला खांदा लावून हलवलेत आणि सव्वा टनाची ती बोट फळ्यांवर किंचित सरकली. रस्त्यावरच्या प्रत्येक सांध्याला, प्रत्येक खड्ड्याला ती अशीच सरकत होती, आणि खाली वाळू होती. शिवाय चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी जाईल या भीतीने, आणि बोट विकणाऱ्याने तसे बजावले होते म्हणून, मी ट्रेलर पाण्यात कधीच पुरेसा खोल नेत नव्हते, आणि मग कोरड्या गालिच्यावरून बोट विंचने, म्हणजे ट्रेलरवरच्या पट्टा गुंडाळणाऱ्या चक्रीने, ओढून घेत होते. जी काळजी मी घेत होते तिनेच नुकसान केले होते. हे सांगताना तुमच्या आवाजात दोष देण्याचा मागमूसही नव्हता. तुम्ही म्हणालात, "तुम्ही तिला जपतच होता, फक्त चुकीच्या जागी जपत होता." मग टॉवेलची चौपदरी घडी पट्ट्याखाली, कडेवर ठेवलीत आणि पट्टा असा करकचून आवळलात की मला धस्स झाले.

ओळखीच्यांच्या धक्क्याला बोट दिवसभर बांधून ठेवून आपण त्या फळ्यांवर नवा गालिचा चढवला. स्टेनलेसच्या पिना फळीच्या खालच्या अंगाला मारताना तुम्ही प्रत्येक पिनेवरून अंगठा फिरवून पाहत होता. काकूंचा दोनदा फोन आला, जेवायला थांबल्या होत्या, आणि तुम्ही दोन्ही वेळा "शेवटची फळी" म्हणून सांगितलेत. संध्याकाळी ट्रेलर तुम्ही सांगितलेल्या खोलीपर्यंत नेला, आधी फळ्या नीट भिजू दिल्या, आणि बोट ज्या अलगदपणे त्यांच्यावर येऊन टेकली ते पाहताना मला माझा इतक्या दिवसांचा विंचचा कुरकुराट आठवत होता. पैशांचे पाकीट तुम्ही माझ्याच डॅशबोर्डवर ठेवून गेलात. लिंबाच्या लोणच्याची बरणी मात्र नेलीत, याचे मला समाधान आहे. वसंतात परत येऊन खोल चरे भरून दिलेत, तेव्हाही पट्टा, घड्याळ आणि रुमाल तसाच.

काका, ज्याला एखादे काम येते असा माणूस शोधला तर सापडतो. पण दुसऱ्याच्या वस्तूला, तीही आधीच खराब झालेल्या वस्तूला, हात लावण्यापूर्वी आपल्या अंगावर टोचण्यासारखे काय आहे हे तपासून पाहणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. त्या किल्ल्यांच्या जुडग्यानंतर तर मी ती अपेक्षाच सोडली होती.

या पूर्ण मोसमात मी प्रत्येक वेळी बोट चढवण्याआधी दोन बादल्या पाणी ओतून गालिच्यातली वाळू धुतली, पट्टे आवळले, टॉवेलची घडी विसरले नाही. आता बोट हिवाळ्यासाठी गॅरेजमध्ये गेली आहे. दाराच्या आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर मी एक लाकडी खुंटी ठोकली आहे आणि शेजारी घड्याळासाठी एक लहानशी वाटी ठेवली आहे. गेल्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीचा मुलगा बोट पाहायला आला होता, त्याने न विचारताच आपला पट्टा तिथे अडकवला, कारण तुमची हकिगत त्याने ऐकली होती. सरोवरावरचा बर्फ गेल्यावर, मे महिन्यात पहिल्या फेरीला तुम्ही आणि काकूंनी यावे, ही आग्रहाची विनंती आहे. खुंटी तुमच्यासाठीच ठोकली आहे.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपली नम्र,
निळ्या बोटीची मालकीण