सूचना : रायफलच्या तापलेल्या नळीवर पाणी ओतू नका

सर्व नेमबाज सभासदांना नमस्कार.

रविवारी ३०० मीटर लेनवर एकाने तापलेल्या नळीवर बाटलीतलं पाणी ओतलं. कृपया असं करू नका. पाणी बोल्टमध्ये (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा), चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) शिरलं की गंज धरतो.

दहा राउंड (गोळ्या) झाडून झाले की बोल्ट उघडा, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा आणि रायफल रॅकमध्ये तोंड वर करून ठेवा. गरम हवा वरून निघते, गार हवा चेंबरकडून आत येते. घाई असेल तर माशांच्या टाकीचा छोटा एअर पंप उत्तम. त्याची रबरी ट्यूब चेंबरला लावा. शेडमध्ये एक ठेवला आहे. नळीला हात सोसवला की पुढचे राउंड.

आणि कळकळीने सांगतो, तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस भरून गप्पा मारत बसू नका. ते ट्रिगर न दाबताही उडू शकतं.