त्या ६८ विमानांचा कागद

सोलापूर

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, एअर इंडिया सरकारी होती म्हणून बुडाली, दुसरं काय?" तेवढ्यात तुझ्या आईने जेवायला हाक मारली आणि विषय राहून गेला. पण तू आता सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखाकार कार्यालयात रुजू झाली आहेस. आज ना उद्या अशाच एखाद्या सरकारी कंपनीच्या फायली तुझ्या टेबलावर येतील. आधीच असं मत करून त्या उघडल्यास तर हाताला काही लागायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सरकारी तर ती १९५३ पासून होती. त्या वर्षी कायदा झाला, देशातल्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली आणि परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे गेली. कंपनी सुरू करणाऱ्या जेआरडी टाटांना राष्ट्रीयीकरण पटलेलं नव्हतं. तरीही त्यांनी अध्यक्षपद घेतलं आणि १९७८ पर्यंत सांभाळलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं, तेव्हा जेट विमान चालवणारी ती आशियातली पहिली कंपनी होती. जगात नाव घेतलं जात होतं तिचं, आणि मालक सरकारच होतं. १९९० मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा जॉर्डनमधल्या अम्मानला जाऊन, खेपांवर खेपा करून एक लाखाहून जास्त माणसं तिने घरी आणली. २०२० मध्ये वुहानहून आपली मुलं आणायला जंबो गेलं तेही तिचंच. बरं, खासगी होत्या त्यांचं काय झालं? किंगफिशर तर आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून उडत होती. ती २०१२ मध्ये बंद पडली, जेट २०१९ मध्ये. तेव्हा मालकी कुणाची, एवढ्यावर हा हिशेब सुटत नाही.

सोलापूरच्या माणसाला हे खरं तर लवकर कळायला हवं. आपली जुनी मिल १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. गैरकारभारामुळे कापडाचं उत्पादन थांबलं आणि हजारो कामगार रस्त्यावर आले, म्हणून केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ते निकाल आजही कायद्याच्या अभ्यासात असतात, तुझ्याही वाचनात येतील. हेतू चांगलाच होता. तुझे आजोबा साच्यावर काम करायचे, त्यांच्या तोंडून त्या काळाबद्दल मी सरकारला कधी शिवी ऐकली नाही. तरी साठच्या दशकात जुनी मिल गेलीच. ताबा घेण्याची जी निकड होती, ती पुढे रोजचा कारभार बघताना कुणाला वाटली नाही, असं मला वाटतं.

आता एअर इंडियाकडे ये. सगळे १९७८ पासून सुरुवात करतात. जेआरडींना काढलं आणि घसरण लागली, असं सांगतात. ते दुःख मोठंच होतं. पण माझ्या मते तिच्या गळ्याला फास लागला तो २००४ ते २००७ या तीन वर्षांत. २००४ च्या सुरुवातीला कंपनीचा प्रस्ताव २८ विमानांचा होता. त्याच वर्षी फेरविचार झाला आणि आकडा ६८ वर गेला: पन्नास मोठी, अठरा छोटी. खर्च चाळीस हजार कोटींच्या आसपास. आणि कंपनीचं भागभांडवल किती? दीडशे कोटींच्या घरात! मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. चार यंत्रमाग घ्यायला आलेल्या माणसाला आम्ही आधी विचारायचो, तुझं मार्जिन, म्हणजे पदरचे पैसे किती? ते नसेल तर अर्ज पुढे सरकत नसे. इथे जवळजवळ सगळी रक्कम कर्जाची, आणि मागे सरकारची हमी आहे म्हणून देणारेही निर्धास्त. त्यातली ७७७-२०० एलआर ही विमानं अमेरिकेपर्यंत न थांबता जायला घेतली होती. ती इतकं इंधन खायची, की पुढे पाच विमानं एतिहादला विकून टाकावी लागली.

त्यावर २००७ चं एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं विलीनीकरण. एकीकडे बोइंग, दुसरीकडे एअरबस. वेतनश्रेणी वेगळ्या, बढतीचे नियम वेगळे, वैमानिकांच्या संघटना वेगळ्या. कागदावर एक कंपनी झाली आणि आत दोनच राहिल्या. पगार आणि ज्येष्ठता कशी जुळवायची यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारींची समिती नेमली ती २०११ मध्ये, म्हणजे लग्न लागून चार वर्षं झाल्यावर. तोवर दोन्हीकडच्या माणसांची मनं विटली होती. २०११ मध्ये एका बाजूचे वैमानिक संपावर गेले, २०१२ मध्ये दुसऱ्या बाजूचे, आणि तो संप ५८ दिवस चालला. मी युनियनमध्ये होतो, संपाचा मला राग नाही. पण एकाच कंपनीत आलटून पालटून संप होतात तेव्हा माणसं कुठे उभी केली गेली होती ते आधी बघावं.

मध्येच २००८ आलं, कच्चं तेल १४७ डॉलरपर्यंत चढलं. विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच वर्षी तोटा २,२२६ कोटी, पुढच्या वर्षी ५,५४८ कोटी. आणि ज्या मंत्रालयाने ही कंपनी चालवायची, तेच आखाती विमान कंपन्यांना भारतातून विमानांतल्या जास्त जागा विकण्याची मुभा देत होतं. केरळचा आणि आपल्याकडचा कामगार दुबईला जायचा तो आता एमिरेट्सने जाऊ लागला. व्हीव्हीआयपी उड्डाणांची बिलं खुद्द सरकारी खात्यांनी वर्षानुवर्षं थकवली. हे वाचताना मला संताप येतो, मेघना. आपल्याच कंपनीचं देणं आपणच बुडवायचं आणि वर तिला तोट्यातली म्हणायचं!

२०१८ मध्ये ७६ टक्के विकायला काढली तर एकही बोली आली नाही. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटांची १८ हजार कोटींची बोली मान्य झाली. त्यातले रोख फक्त २,७०० कोटी, बाकीचं कर्ज त्यांनी अंगावर घेतलं. एकूण कर्ज ६१,५६२ कोटी होतं. टाटांनी उचललेलं १५,३०० कोटी वजा कर. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारच्याच दुसऱ्या कंपनीच्या नावे टाकले, म्हणजे तुझ्यामाझ्या नावे. त्याआधी २००९-१० पासून रोख मदत आणि हमी मिळून १ लाख १० हजार कोटींच्या वर गेलेच होते. तुझ्या आजीने जन्मभर विड्या वळल्या, तंबाखूने बोटं पिवळी झाली. विमान तिने आकाशातच पाहिलं. मुंबईला जायचं तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा साधा डबा. साबणापासून काडेपेटीपर्यंत प्रत्येक वस्तूवर तिने कर भरला होता, आणि ह्या कंपनीची ती मालकीण होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

आणि कामगार? विक्रीत अट होती की एक वर्ष कुणाला काढायचं नाही. पण मुंबईतल्या कालिन्याच्या वसाहतीतली घरं सोडायची नोटीस आली. पिढ्यान् पिढ्या तिथे वाढलेली कुटुंबं कोर्टात गेली, २०२४ मध्ये पाडकामही सुरू झालं. विमानांचा आकडा वाढवणाऱ्यांपैकी कुणाला राहतं घर सोडावं लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०११ च्या अहवालात विमानखरेदी आणि विलीनीकरणाची वेळ या दोन्हींवर सडकून टीका केली. अहवाल उत्तम आहे. मला सलतं ते वर्ष. तोवर बरीचशी विमानं आलेली होती, हप्ते सुरू झालेले होते. तू ज्या खात्यात आहेस त्याचं काम असंच, घडून गेल्यावरचं. पण प्रत्येक टप्प्यावर त्या प्रस्तावाखाली कुणी ना कुणी टिपण लिहिलं असेल, आणि कदाचित कुणी विरोधातही लिहिलं असेल. तसं टिपण करणारा कुठल्याही खात्यात असतो, त्याचं नाव वर्तमानपत्रात येत नाही, त्याची फाईल मात्र राहते. असं काही समोर आलं तर ते गाळू नकोस. वरिष्ठ म्हणाले परिच्छेद लहान कर, तरी ते वाक्य ठेव.

आईने शेंगा चटणी बांधून ठेवली आहे, कुणी तिकडे येणारं सापडलं की पाठवतो. गड्ड्याच्या यात्रेला रजा मिळते का ते आधीच बघून ठेव, आयत्या वेळी रिझर्व्हेशन मिळत नाही. आणि तो २०११ चा अहवाल तुमच्या ग्रंथालयात असेलच. २८ चे ६८ कुणाच्या सांगण्यावरून झाले, ते त्यात कुठे स्पष्ट लिहिलेलं सापडलं तर मला पान क्रमांक कळव.

तुझे,
बाबा