पीटरहॉफचे पाणी कुठून येते, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियाच्या सहलींवरचे लेख हल्ली मराठी वृत्तपत्रांत वरचेवर येतात. सेंट पीटर्सबर्गजवळच्या पीटरहॉफचा, म्हणजे तिथल्या राजवाड्याचा आणि कारंज्यांच्या बागांचा, उल्लेख त्यांत असतोच. पण तो बहुधा ‘रशियाचे व्हर्साय’ या बिरुदावर आणि सोनेरी पुतळ्यांच्या फोटोवर संपतो. या बिरुदाने तिथली सर्वांत मोलाची गोष्ट झाकली जाते. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या बागांसाठी सीन नदीवर मार्ली येथे १४ चाकांचे, दोनशेहून अधिक पंपांचे अवाढव्य यंत्र बसवावे लागले होते. तरीही तिथली सगळी कारंजी एकाच वेळी चालतील एवढे पाणी पुरत नसे. पीटरहॉफच्या कारंज्यांचे पाणी मात्र पहिल्यापासून उतारानेच येते. पंपाची गरज पडली नाही.

रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याने समुद्राकाठचा आपला मुख्य प्रासाद आधी स्ट्रेल्ना येथे योजला होता. पण तिथे कारंज्यांना पुरेसा दाब मिळवायचा, तर बंधारा घालून पाणी तुंबवावे लागले असते आणि भोवतालची जमीन बुडाली असती. म्हणून भर पीटरहॉफवर आला. त्याच्या दक्षिणेला रोपशाच्या टेकाडांवर बारमाही झरे आहेत. १७२० मध्ये पीटरने स्वतः ते पाहिले आणि पुढच्याच वर्षी वसिली तुवोल्कोव्ह या अभियंत्याने तिथून कालवा आणला. हे अंतर सुमारे २२ किलोमीटर. वाटेत तळी आहेत. त्यांत पाणी साठते, गाळ बसतो आणि मगच पाणी कारंज्यांच्या नळांत जाते. १७२३ च्या ऑगस्टमध्ये बागेचे थाटात उद्घाटन झाले. उतारावर पाणी खेळवण्याचे हे तत्त्व पुणेकरांना परके नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आले ते असेच.

दाबाचा हिशेब समजला की बागेची रचनाही उलगडते. राजवाडा उंचवट्याच्या कडेवर आहे. मागे वरची बाग, पुढे फिनलंडच्या आखातापर्यंत पसरलेली खालची बाग आणि दोन्हींत सुमारे १६ मीटरचा फरक. वरच्या बागेतले चौकोनी तलाव शोभेचे वाटतात. खरे तर त्या खालच्या कारंज्यांच्या टाक्या आहेत. पीटरच्या काळात या बागेत भाजीपाला पिकत असे आणि तलावांत मासे पाळत.

आता ‘सॅमसन’ घ्या. सिंहाचा जबडा फाडणाऱ्या या पुतळ्याचा फवारा २० मीटरच्या घरात जातो. पाणी आपल्या मूळ पातळीच्या वर उडत नाही. नळातले घर्षण आणि हवेचा रोध यांमुळे त्या पातळीपर्यंतही पोचत नाही. म्हणजे १६ मीटर वरच्या तलावातून हा फवारा निघणे शक्यच नाही. म्हणून सॅमसनसाठी आणखी उंचावरच्या तळ्यातून सुमारे ४ किलोमीटरचा स्वतंत्र नळ आणलेला आहे. ‘पिरॅमिड’ कारंज्याची युक्ती वेगळी. तिथे ५०५ धारा सात टप्प्यांत उडतात, मधल्या उंच आणि कडेच्या ठेंगण्या. त्यासाठी एकाच पाण्याचा दाब टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो. एखाद्या तोटीत कचरा अडकला की सगळा आकार बिघडतो.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. झऱ्यांचे पाणी ठरावीक असल्याने कारंजी रात्री बंद ठेवतात, तेवढ्यात तळी पुन्हा भरतात. थंडीपूर्वी नळ रिकामे करावेच लागतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बिडाचा नळही फोडते. सुरुवातीचे बरेच नळ लाकडी होते, ते कुजत. पहिले पुतळे मुलामा दिलेल्या शिशाचे होते. शिसे मऊ, ते स्वतःच्याच वजनाने हळूहळू खचते. त्यामुळे १८०० च्या आसपास ते काढून ब्राँझचे पुतळे बसवले. १७३५ चा मूळ सॅमसन असाच गेला आणि मिखाईल कोझलोव्हस्कीने घडवलेला आला. हा सॅमसन बायबलमधला असला तरी निमित्त संत सॅम्पसनचे होते. १७०९ मध्ये पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाकडून स्वीडनचा पराभव झाला तो या संताच्या दिवशी, आणि सिंह हे स्वीडनचे राजचिन्ह.

दुसरी राहून जाणारी गोष्ट युद्धाची. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ पीटरहॉफ जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. राजवाडा जळून भिंती उरल्या, सॅमसनसह मोठे पुतळे नेले गेले. जर्मनांच्या हाती लागण्याआधी बऱ्याच वस्तू हलवल्या होत्या, काही पुतळे जमिनीत पुरले होते, ते वाचले. १९४६ मध्ये कारंजी पुन्हा उडू लागली. वसिली सिमोनोव्हने जुन्या फोटोंवरून नवा सॅमसन घडवला, तो १९४७ मध्ये जागेवर बसला. राजवाड्याची पहिली दालने खुली व्हायला मात्र १९६४ उजाडले. सम्राज्ञी एलिझाबेथच्या कारकिर्दीत वास्तुकार रास्त्रेलीने वाढवलेला प्रासाद म्हणून आज जे दाखवतात, त्यातले पुष्कळसे युद्धानंतरच्या कारागिरांच्या हातचे आहे. त्यांचा उल्लेख न करणे मला अन्यायाचे वाटते.

सहलीचे लेख लिहिणाऱ्यांनी वाचकांना एवढे जरूर सांगावे. कारंजी साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालतात. हिवाळ्याच्या सहलीत ती दिसणार नाहीत. राजवाड्यासमोरचा कारंज्यांचा मुख्य धबधबा सकाळी ११ वाजता संगीतासह सुरू होतो. त्याआधी तासभर पोचून वरची बाग पाहावी, तलावांची पातळी नजरेत ठेवावी आणि मग खाली उतरावे. सहल कंपन्या बोटीने थेट खालच्या धक्क्यावर उतरवतात. वेळ कमी पडला की नेमकी वरची बाग गाळली जाते, आणि पाणी येते ते तिकडूनच.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे