मनूच्या पीसीओएसबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, मनूसाठीचा शतावरी कल्पाचा डबा आधी ओट्यावरून हलव. त्यात शतावरी थोडी आणि साखरच जास्त. पीसीओएसमध्ये, म्हणजे बीजकोश आणि संप्रेरकांच्या या विकारात, बहुतेकींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं आणि वाढलेलं इन्सुलिन बीजकोशांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक जास्त बनवायला लावतं. पाळी लांबणं, हनुवटीवरचे केस, मुरुमं यांचं मूळ बरंचसं तिथेच. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, वाढ अर्धवट थांबलेली बीजपुटं आहेत. तेव्हा 'गाठी विरघळवणाऱ्या' काढ्याला लांबूनच नमस्कार.

साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, तो उपासालाही नको. पोहे निम्मे घे आणि वर वाटीभर मोडाची मटकी. चहाचा एक चमचा मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी चावून खायचे. पण मनूची मेटफॉर्मिन ही साखर उतरवणारी गोळी चालू आहे, म्हणून हे तिच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण मेथीनेही साखर उतरते. दालचिनी चिमूटभरच. बाजारातली जाड, कडक साल बहुधा कॅसिया जातीची असते, तिच्यातलं कूमारिन रोज चमचाभर गेलं तर यकृताला जड. मध गरम पाण्यात नको, हे तर आयुर्वेदच सांगतो.

बाबा, तुमचा लोड तिला द्या, सुप्त बद्धकोणासनाला. लोड पाठीच्या रेषेत उभा, त्याचं टोक कमरेला अगदी टेकलेलं; मध्ये फट राहिली की कंबर अधांतरी राहून दुखते. डोक्याखाली घडीचं ब्लँकेट, तळवे जुळवलेले, मांड्यांखाली टॉवेलच्या गुंडाळ्या. गुडघे लटकले तर जांघेत ओढ बसते आणि विश्रांती राहते बाजूला. पाच ते दहा मिनिटं. याने मन निवतं. साखरेचं काम मात्र स्नायूच करतात. त्यासाठी सूर्यनमस्कार, उत्कटासन आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. आठवड्याला किमान 150 मिनिटं घाम येईल असा व्यायाम हवा. पाळीत कपालभाती आणि उलटी आसनं बंद. वजन 70 किलो असेल तर साडेतीन किलो उतरलं तरी पाळीत फरक दिसू शकतो, पण महिनाभरात नाही.

'लग्न झालं की आपोआप बरं होतं' असं आत्या म्हणेल. होत नाही. पाळी तीन महिने आलीच नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचंच. गर्भाशयाचं अस्तर साचून जाड होत राहतं, ते चूर्णावर सोडायचं नाही.

वैद्यांना दाखवायचं तर पुण्यात रास्ता पेठेतलं ताराचंद रुग्णालय आहेच. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचे रिपोर्ट न्या. ज्येष्ठमध दिलं तर रक्तदाब मोजत राहा, त्याने तो वाढतो. बिननावाच्या पुडीतली भस्मं मुळीच नकोत, अशांत शिसं सापडलेलं आहे.

बाबा, दुपारच्या झोपेला तुम्हाला उशी पुरेल. लोड तिच्याच खोलीत राहू द्या.

तुमची,
ताई